हेल्मेटविरोधाचे उसने युक्तिवाद

पुण्यात हेल्मेटसक्ती जाहीर झाली की पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. पोलीस आयुक्तालयातून आदेश निघतो, कृती समितीची बैठक होते, सर्वपक्षीय नेते मोर्च्यात पुढे चालतात, आणि काही महिन्यांत चौकातली कारवाई सैल पडते. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी मनावर घेतले होते. जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांची भेट घेतली आणि विषय पुन्हा मार्गी लागला, म्हणजे मागे पडला. बाहेरगावच्यांना यात पुणेरी हट्टाची गंमत वाटते, त्यावर विनोद होतात, आणि विनोद झाले की उत्तर दिल्यासारखे वाटते. उत्तर मात्र दिले जात नाही. हेल्मेटविरोधकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सक्तीने वाहतूक सुरक्षित होते असे नाही, सुरक्षेची जबाबदारी सरकार नागरिकाच्या डोक्यावर ढकलते, परदेशातल्या सुरक्षित शहरांत लोक उघड्या डोक्याने फिरतात, हेल्मेटमुळे माणूस बेफिकीर होतो, या साऱ्या मुद्द्यांमागे जगभर झालेली गंभीर चर्चा आहे. अडचण इतकीच की ती चर्चा सायकलच्या हेल्मेटची आहे. आपल्याकडे ती सायकलवरून उतरवून सरळ स्कूटरवर बसवली गेली आहे.

आधी मूळ चर्चा नीट पाहू. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. तेव्हापासून आजतागायत वाद आहे तो असा, की डोक्याच्या दुखापती कमी झाल्या त्या हेल्मेटमुळे, की सायकल चालवणारेच कमी झाले म्हणून? मेलबर्नची भाड्याच्या सायकलींची योजना २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. ती रडतखडत चालण्याच्या कारणांत सक्तीचे हेल्मेट कायम मोजले गेले, कारण दहा मिनिटांसाठी सायकल घेणारा माणूस हेल्मेट बगलेत घेऊन घरातून निघत नाही. इस्रायलने सक्ती केली आणि २०११ मध्ये शहरातल्या प्रौढांपुरती ती मागे घेतली. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातले इयन वॉकर स्वतः सायकलवर मोजपट्टी लावून फिरले. हेल्मेट घातले असताना मोटारी सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून जातात असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इतरांनी त्याच आकड्यांची फेरतपासणी करून त्याला आक्षेप घेतला, पण मुद्दा चर्चेत राहिला. आणि नेदरलँड्स तर सर्वांना तोंडपाठ आहे. सायकलसाठी वेगळे मार्ग, चौकात सायकलला प्राधान्य, आणि बहुतेकांचे डोके उघडे.

या चर्चेत माझे मत सक्तीच्या विरोधात आहे. सायकलचे हेल्मेट निरुपयोगी आहे म्हणून नव्हे. अपघात झालाच तर डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ते निम्म्याहून अधिक कमी करते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. ज्याला घालायचे त्याने जरूर घालावे. पण कायद्याच्या धाकाने शंभरातल्या दहा जणांनी सायकल सोडली, तर त्यांचा व्यायाम जातो, रस्त्यावर एखादी मोटार वाढते, आणि उरलेल्या सायकलस्वारांना रस्ता आणखी परका होतो. सायकलीचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याने ही उतरण पाहिली आहे आणि त्याला हेल्मेट लागले नाही. बीआरटीच्या कडेने केंद्राच्या पैशातून जे सायकलमार्ग बांधले, ते आज पार्किंग, टपऱ्या आणि विजेच्या डब्या यांच्यामधून वाट काढत कुठेतरी संपतात. अशा शहरात सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे करणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल.

आता स्कूटरकडे वळू. वरच्या युक्तिवादाचा कणा एवढाच आहे की सक्तीमुळे एक चांगली सवय सुटते. हेल्मेटच्या भीतीने स्कूटर सोडून कोणी बसने किंवा चालत जायला लागला, तर समाजाचे नुकसान कोणते? उलट त्याला हार घालावा. आणि प्रत्यक्षात कोणी सोडतही नाही. व्हिएतनाम हा आपल्यासारखाच दुचाकींवर चालणारा देश. तिथे १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर, गल्लीबोळ धरून, चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट सक्तीचे झाले. कारवाई खरोखर झाली, त्यामुळे हेल्मेट वापरणाऱ्यांचे प्रमाण काही आठवड्यांत नव्वद टक्क्यांच्या वर गेले. सुरुवातीच्या महिन्यांत रुग्णालयांतल्या नोंदींवरून काढलेले आकडे सांगतात की रस्ते अपघातांत डोक्याला मार लागण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि मृत्यूची १८ टक्क्यांनी घटली. रस्त्यावरच्या दुचाकी काही कमी झाल्या नाहीत. तैवानमध्ये १९९७ च्या कायद्यानंतर दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. आणि ज्या नेदरलँड्सचा दाखला उठताबसता दिला जातो, त्यांनी काय केले? ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या हलक्या मोपेडलासुद्धा १ जानेवारी २०२३ पासून त्यांनी हेल्मेट सक्तीचे केले. साध्या सायकलला आजही नाही. म्हणजे सायकल आणि इंजिनाचे वाहन यांच्यात रेघ कुठे मारायची हे डच लोकांना ठाऊक आहे. त्यांचे नाव घेऊन मोर्चा काढणाऱ्यांनी ती रेघही सोबत घ्यायला हवी होती.

आपल्या देशाचे आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीस्वार होते, आणि हेल्मेट नसलेले ५०,०२९. यांतले १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेटचे समर्थक हा आकडा फलकावर लिहून मोकळे होतात, जणू हेल्मेट असते तर पन्नास हजारच्या पन्नास हजार घरी परतले असते. तसे नाही. ट्रकचे चाक छातीवरून गेले तर हेल्मेट काय करणार? विरोधक दुसऱ्या टोकाला जाऊन वजाबाकी करतात की उरलेले पंचवीस हजार हेल्मेट घालूनच मेले ना? या वजाबाकीला काही अर्थ नाही, कारण रस्त्यावर हेल्मेट घालणारे किती आणि न घालणारे किती हे माहीत असल्याशिवाय ती काहीच सांगत नाही. सांगते ती वेगळी पद्धत, म्हणजे सारख्याच प्रकारच्या अपघातांत हेल्मेट असलेल्यांची आणि नसलेल्यांची तुलना. अशा साठ-एक अभ्यासांची छाननी करून २००८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की मोटारसायकलच्या हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत, चांगल्या हेल्मेटचे आहेत. आपल्याकडचे पट्टा न लावलेले, फुटपाथवरचे हेल्मेट धरून त्यातला निम्माच फायदा मानला, तरी वर्षाला दहा हजार माणसे होतात. एवढ्यासाठी पाचशे-हजार रुपयांची वस्तू डोक्यावर ठेवायला सांगणे ही हुकूमशाही वाटत असेल, तर शब्द जरा जपून वापरलेले बरे.

‘हायवेला ठीक आहे, शहरात वेगच कुठे आहे?’ हा पेठांतला लाडका प्रश्न. कायद्यात हा भेद नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ सार्वजनिक जागेबद्दल बोलते. पण कायदा बाजूला ठेवू. स्कूटरवर बसलेल्याचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी जागच्या जागी उभी असताना जरी तो आडवा झाला, तरी दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या घरात असतो. म्हणजे स्पीडोमीटरवर शून्य दिसत असतानाही डोके एकोणिसाच्या वेगाने फरशीच्या कडेवर आपटते. उघडी कवटी दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबते. हेल्मेटच्या कवचाआत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो तो आपटताना चेपतो, आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. थांबायचे अंतर दसपट झाले की झटका दहाव्या हिश्श्यावर येतो. हेल्मेटचे काम एवढेच. त्यात हायवे आणि लक्ष्मी रोड असा फरक करायला जागा नाही. यावर कोणी चतुर विचारेल, मग पादचाऱ्याने आणि सायकलवाल्याने काय पाप केले? डोके त्यांचेही तेवढ्याच उंचीवर असते. प्रश्न रास्त आहे. चालणारा माणूस कोसळतो तेव्हा गुडघे दुमडतात, हात पुढे येतात. हँडल धरलेल्याचे हात गुंतलेले असतात, आणि शंभर-सव्वाशे किलोची गाडी पायावर येते. सायकलवाला मात्र खरोखरच मध्येच कुठेतरी आहे, त्याला हेल्मेटचा फायदा होतोच. पण फायदा होतो म्हणून सक्ती करावी असे मी म्हणतच नाही. फायदा किती आणि सक्तीने हरवते काय, ही दोन्ही पारडी पाहायची. सायकलच्या पारड्यात हरवण्यासारखे पुष्कळ आहे, स्कूटरच्या पारड्यात विस्कटलेला भांग आहे.

छोट्या हरकती पटकन निकालात काढतो. मान मोडते म्हणतात. अमेरिकेतल्या सुमारे चाळीस हजार मोटारसायकल अपघातांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेल्मेटधारकांच्या मानेच्या मणक्याच्या दुखापती २२ टक्के कमी निघाल्या. आजूबाजूचे दिसत नाही म्हणतात. अमेरिकी मानकानुसार हेल्मेटची चौकट दोन्ही बाजूंना किमान १०५ अंश मोकळी असावी लागते, आणि त्यापलीकडे बघायला आरसा असतो, जो आपल्याकडे पुष्कळदा काढून ठेवलेला असतो. घाम येतो, केस गळतात, हे खरे असेल, वाद घालत नाही. हा सगळा हेल्मेट कंपन्यांचा डाव आहे, हे मात्र इतिहासाला धरून नाही. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून मेला. त्याच्या उपचारांत सहभागी झालेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. ऐन महायुद्धात, विकायला बाजारच नसताना. सामान्य ब्रिटिश नागरिकाला कायदा लागू व्हायला १९७३ उजाडले.

‘आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचे बोला.’ या वाक्याला टाळ्या हमखास. त्यातल्या रागात मी पूर्ण सामील आहे. त्याच २०२२ च्या अहवालात खड्ड्यांमुळे झालेले मृत्यू १,८५६ आहेत, आणि कुठल्या पोलीस ठाण्यातला हवालदार पंचनाम्यात ‘खड्डा’ असे लिहून महापालिकेला अंगावर घेतो हे पाहता खरा आकडा याहून मोठाच असणार. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई द्यावी असे सांगितले, ते उगाच नव्हे. पण राग बरोबर असला तरी त्यातला ‘आधी’ चुकीचा आहे. खड्डा चुकवताना घसरून पडणारा माणूस हाच तर हेल्मेटचा पहिला गरजवंत. रस्ता गुळगुळीत असता तर हेल्मेटची निकड थोडी कमी झाली असती. रस्ता खराब आहे म्हणून हेल्मेट नको हे तर्काच्या कुठल्याच वाटेने येत नाही. शिवाय या मोर्च्यांत पुढे कोण असते तेही पाहावे. ज्यांनी वर्षानुवर्षे महापालिकेची सत्ता भोगली, रस्त्यांच्या निविदांवर सह्या केल्या किंवा विरोधी बाकांवरून त्या होऊ दिल्या, त्याच पक्षांची माणसे. खड्ड्यांसाठी मोर्चा काढायचा तर तो कुणावर काढणार, ही त्यांची पंचाईत मी समजू शकतो. हेल्मेटचा मोर्चा पोलिसांवर जातो, म्हणजे स्वतःच्या दारापासून सुरक्षित अंतरावर. रस्त्यांची रचना आधी सुधारा ही मागणी खऱ्या अर्थाने शोभते ती पादचाऱ्याला. २०२२ मध्ये मेलेल्यांत ३२,८२५ पादचारी होते. त्यांच्यासाठी हेल्मेटचा उपयोग शून्य, त्यांना फुटपाथ हवा. सायकलवाल्यालाही ती मागणी शोभते. स्कूटरवाला तिच्या आडोशाला उभा राहतो तेव्हा तो स्वतः पुष्कळदा फुटपाथवरूनच आलेला असतो.

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा, आणि तोच सर्वांत वजनदार. माझे डोके, माझी मर्जी. याला सहसा असे उत्तर दिले जाते की तुमच्या उपचाराचा खर्च समाजावर पडतो. मला हे उत्तर मान्य नाही. त्याच न्यायाने उद्या सरकार वडापाव आणि तंबाखूसाठीही घरात शिरेल. मला पटते ते उत्तर साधे आहे. चालणे आणि सायकल चालवणे याला परवाना लागत नाही, तो माणसाचा रस्त्यावरचा मूळ हक्क आहे. इंजिनाचे वाहन परवान्यावर चालते. वय, चाचणी, विमा, नोंदणी, दिवा, ब्रेक अशा डझनभर अटी मान्य करूनच ते रस्त्यावर येते, आणि त्या अटींना कोणी गुलामी म्हणत नाही. हेल्मेट ही त्यांतलीच एक अट. ज्याला अट नको त्याने पायी जावे, सायकल घ्यावी, बसची वाट पाहावी, त्याचे उघडे डोके कोणी विचारणार नाही. शिवाय मर्जी नेमकी कुणाची, हेही एकदा विचारायला हवे. संध्याकाळी कुठल्याही सिग्नलला पाहा. चालवणाऱ्याने पोलीस दिसला म्हणून हेल्मेट चढवलेले असते, पट्टा लोंबत असतो. मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर पिशवी, दोघांच्या मध्ये झोपाळलेले मूल, पुढे उभे दुसरे. चार डोक्यांत एक हेल्मेट, आणि तेही दंडापुरते. मागे बसलेल्यांचे ते चौदा हजार मृत्यू इथून येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यावरही कारवाई करण्याचे आदेश काढले तेव्हा पुन्हा स्वातंत्र्याची हाक ऐकू आली. त्या बाईला कोणी विचारले होते असे काही दिसले नाही.

पोलिसांची वसुली हा आक्षेप मात्र मी अर्ध्याहून जास्त मान्य करतो. वळणाआड उभे राहायचे, पाठीमागून मोबाइलवर फोटो काढायचा, आणि वर्षभराने चलनांची माळ एकदम गळ्यात घालायची, यातून कोणाची सवय बदलत नाही. जिथे चूक झाली तिथे त्या क्षणी थांबवले तर बदलते. शिवाय कारवाई डोक्यावर काहीतरी गोल आहे की नाही एवढेच पाहते. कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने बांधलेले असावे असे स्पष्ट म्हटले आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्याला माणसाच्या आधी रस्त्यावर पोचते. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे गुन्हा आहे, तरी पुलाच्या कठड्यावर दोनशे रुपयांची टोपली, आत जेमतेम स्पंजचा थर, वर छापील आयएसआय, उघड विकली जाते. ग्राहकाला दंड आणि विक्रेत्याला अभय ही पद्धत बदलली, तर कृती समितीच्या निम्म्या भाषणातली हवा जाईल. समितीला खरोखर लोकांच्या बाजूने लढायचे असेल तर ही लढाई तयार आहे: खोटी हेल्मेट विकणाऱ्यांवर धाडी घाला, नव्या गाडीसोबत हेल्मेट देण्याचा नियम कागदावर ठेवू नका, जागेवरच्या कारवाईशिवाय चलन नको. या मोर्च्याला मीही येईन.

आणि सायकल व स्कूटर यांच्यामधली रेघ जिथे आपल्या कायद्यानेच पुसली आहे, तिथे कोणीच मोर्चा काढत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, बॅटरी वगळून ६० किलोंपर्यंतची विजेवरची दुचाकी ‘मोटार वाहन’ मानलीच जात नाही. तिला नोंदणी नाही, परवाना नाही, म्हणून हेल्मेटही नाही. दिसायला स्कूटर, वजनाला जवळपास स्कूटर, कागदावर सायकल. घरपोच जेवण आणि किराणा पोचवणारी पोरे दिवसाचे दहा-बारा तास हीच चालवतात, घाईत, पावसात, उलट्या दिशेने, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांचा वेग २५ वर थांबतच नाही. नेमक्या याच वेगाच्या गाडीला डचांनी २०२३ मध्ये हेल्मेट लावले. आपल्याकडे त्यासाठी केंद्राला नियमात दुरुस्ती करावी लागेल, आणि ती होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या कंपन्या या पोरांना रंगीत टीशर्ट आणि पिशवी देतात, त्यांना त्याच यादीत पट्ट्यासह एक प्रमाणित हेल्मेट घालायला आणि ते घातल्याशिवाय ऑर्डर न द्यायला आजही कोणता कायदा आडवा येत नाही.